उंदराच्या खोलीतला दिवा कोण मोजतं?

दिव्याचं महत्त्व काय असतं हे विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्याला विचारा. अंड्याची कोंबडी असेल तर तिला दिवसातून साधारण १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा. उरलेला उजेड बल्ब लावून द्यायचा, तोही रोज ठरल्या वेळेला. चार दिवस वेळ चुकली की अंडी घटतात, जास्त दिवस चुकली तर कोंबडी पिसं टाकायला लागते. हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही, खिशानं शिकवलंय.

जत, कडेगावकडच्या ड्रॅगन फ्रूटवाल्यांचंही तेच. २०२१ मध्ये तडसरचं ड्रॅगन फ्रूट दुबईला गेलं, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले होते. हे झाड मोठ्या दिवसाचं. हिवाळ्यात रात्री बागेत दिवे लावले की त्याला वाटतं उन्हाळा आलाय, आणि बिगरहंगामी कळी निघते. शेवंतीचं उलटं. तिला लांब रात्र लागते, म्हणून फूल पुढं ढकलायचं असेल तर मध्यरात्री दिवा लावून तिची रात्र तोडतात. किती वॅटचा, किती उंचीवर, किती वाजता, हे आपले शेतकरी तोंडपाठ सांगतात.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की याच दोन जिल्ह्यांत अशाही खोल्या आहेत जिथं शेकडो जनावरं दिव्याखाली ठेवलेली असतात, तिथल्या निकालावर पोरांच्या पदव्या ठरतात, शोधनिबंध छापले जातात, आणि तिथला दिवा कुणीच धड मोजत नाही.

मी बोलतोय ते फार्मसी आणि मेडिकल कॉलेजांतल्या अॅनिमल हाऊसबद्दल.

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत हायवेनं जाताना किती फार्मसी कॉलेजांचे बोर्ड दिसतात ते मोजून बघा. आमच्या वेळी बायोलॉजीला बेडूक फाडायचे, ते आता बंद झालं, चांगलंच झालं. पण एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलेल्या पोरापोरींना आजही उंदरांवर काम करावं लागतं. पांढरे, लाल डोळ्यांचे विस्टार रॅट आणि स्विस अल्बिनो माईस. सह्याद्रीतली एखादी वनस्पती घ्यायची, तिचा अर्क काढायचा, तो उंदराला द्यायचा आणि साखर उतरते का, सूज कमी होते का, भीती कमी होते का ते बघायचं. अशा प्रबंधांची कपाटं भरलेली आहेत.

यासाठी कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याच्या कलम १५ खाली केंद्राची समिती (पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए), १९९८ चे नियम, आणि प्रत्येक संस्थेत एक प्राणी नीतिमत्ता समिती. तिच्या मंजुरीशिवाय एका उंदरालाही हात लावता येत नाही. पिंजरा केवढा, खोलीचं तापमान किती, आर्द्रता किती, सगळं लिहिलेलं आहे. दिव्याबद्दलही लिहिलंय. जमिनीपासून एक मीटर उंचीवर साधारण ३२५ लक्स उजेड पुरेसा, आणि दिवस-रात्रीचं चक्र टायमर लावून नियमित ठेवा. बहुतेक ठिकाणी १२ तास उजेड, १२ तास अंधार असं पाळतात.

मग अडचण कुठं आहे? अडचण त्या ‘लक्स’मध्येच आहे.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं माणसाच्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ वाटतो याचा आलेख ठरवला. त्यात हिरवट-पिवळ्याला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त मार्क. निळ्याला कमी, तांबड्याला कमी, अतिनीलला शून्य. आजही लक्समीटर त्याच आलेखावर चालतो.

आता उंदराचा डोळा बघा. आपल्याकडे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, त्याच्याकडे दोन. एक हिरव्याच्या आसपास चालते, दुसरी चक्क अतिनीलमध्ये, ३६० नॅनोमीटरच्या जवळ, जिथं आपल्याला काहीच दिसत नाही. तांबड्यासाठी वेगळी पेशीच नाही. म्हणजे आपण ज्याला ‘३२५ लक्स, बरोबर’ म्हणतो, तो उंदरासाठी नेमका किती उजेड आहे हे त्या आकड्यावरून कळतच नाही.

दूध घालणाऱ्यांना हे लगेच कळेल. डेअरीवर दोन कॅन आले, दोन्ही वीस लिटरचे. एक म्हशीचं, एक गाईचं. लिटर सारखं, फॅट वेगळं. नुसत्या लिटरवर बिल काढलं तर उद्या डेअरीत भांडण होईल. लक्स म्हणजे लिटर. उंदराच्या शरीराला लागतं ते फॅट, आणि ते आपण मोजतच नाही.

बरं, प्रश्न नुसता दिसण्याचा असता तरी एक वेळ चाललं असतं. डोळ्यात आणखी एक प्रकारच्या पेशी असतात, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. मेंदूत जे चोवीस तासांचं घड्याळ आहे त्याला ‘आता दिवस, आता रात्र’ ही खबर त्या देतात. १९९९ मध्ये रसेल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या उंदरांच्या डोळ्यात दंडपेशीही नाहीत आणि शंकुपेशीही नाहीत, म्हणजे ज्यांना आपण आंधळेच म्हणू, त्यांचं घड्याळसुद्धा उजेडावर लागतं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या प्रयोगशाळेनं त्या पेशी प्रत्यक्ष पकडल्या. त्यांच्यातल्या रंगद्रव्याचं नाव मेलॅनोप्सिन, आणि ते सगळ्यात जास्त चेततं ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडानं. लक्समीटर नेमकं तिथंच कमी मार्क देतो.

आपल्या देशात हा विषय नवा नाही बरं का. मदुराईला प्रा. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांच्या घड्याळावर कितीतरी वर्षं काम केलं. आणि २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं ते माशीच्या शरीरातलं घड्याळ उलगडल्याबद्दल.

आता आपल्या गावातल्या रस्त्यांवरचं उदाहरण घ्या. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते, आता पांढरे एलईडी आले. दोन्हीखाली लक्समीटर सारखाच आकडा दाखवू शकतो. पण सोडियमच्या उजेडात निळं जवळजवळ नाहीच, पांढऱ्या एलईडीत भरपूर. कॉलेजातही तेच झालंय. जुन्या ट्यूबलाईट गेल्या, एलईडी बसले, वीजबिल कमी झालं. पण अॅनिमल हाऊसमधल्या उंदरासाठी त्या दिवशी दिवस बदलला. ट्यूबमधून थोडं का होईना अतिनील यायचं, साध्या एलईडीतून तेही येत नाही. निळ्याचं प्रमाण बदललं. म्हणजे मागच्या बॅचच्या मुलीनं केलेला प्रयोग आणि यंदाच्या मुलानं केलेला प्रयोग, कागदावर दोन्ही ‘३२५ लक्स, १२-१२ तास’. प्रत्यक्षात दोन वेगळ्या ऋतूंत केल्यासारखे.

‘उंदरावर एवढा काय फरक पडतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी काही जुन्या-नव्या गोष्टी सांगतो.

१९६६ मध्ये वर्नर नोएल यांनी दाखवलं की सतत उजेडात ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांच्या डोळ्याचा पडदा खराब होतो. पांढऱ्या उंदराच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, त्याला उजेड अडवता येत नाही. आपल्याकडे वापरतात ते बहुतेक सगळे पांढरेच.

१९९७ मध्ये अमेरिकेत डॉची आणि ब्लास्क यांच्या गटानं तर झोप उडवणारी गोष्ट छापली. ‘अंधाऱ्या’ खोलीत दाराच्या फटीतून वगैरे येतो तसा उजेड, जेमतेम ०.२ लक्स. आपल्याला तो अंधारच वाटेल. पण तेवढ्या उजेडात रात्र काढणाऱ्या उंदरांमध्ये ट्यूमर जास्त वेगानं वाढला. विचार करा, त्याच खोलीत कुणी कॅन्सरच्या औषधाची चाचणी करत असेल तर?

२०१० मध्ये ओहायोत लॉरा फॉन्केन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रात्री फक्त ५ लक्स उजेड दिला. त्यांचं वजन वाढलं. ते जास्त खात नव्हते, चुकीच्या वेळी खात होते. आता आपल्याकडे मधुमेहाच्या आणि वजनाच्या किती प्रयोगांत रात्रीचा उजेड नोंदवलेला असतो?

आणि २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं काम मला सगळ्यात जास्त लागलं. पक्षाघातात मेंदू वाचवणारी काही औषधं उंदरांत चालली आणि माणसांत फसली. का? उंदीर निशाचर. प्रयोग करणारे दिवसा कामावर येतात, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळेत. माणसाला पक्षाघात बहुतेकदा जागेपणी होतो. त्या गटानं तेच उपचार उंदरांवर रात्री, त्यांच्या जागेपणी करून बघितले, तर तो फायदा दिसेना. आपली पोरं सकाळी दहा ते पाच प्रयोग करतात. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्याला मध्यरात्री उठवून पेपर लिहायला लावल्यासारखं.

दोन वर्षांमागं एका बातमीसाठी मी अशाच एका खोलीत गेलो होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कॉलेजचा नाही. खोली स्वच्छ होती, हे आधी सांगतो. प्लास्टिकचे पिंजरे, खाली भाताचा तूस, लोखंडी रॅकवर चार थर. वरचा थर ट्यूबला जवळजवळ चिकटलेला, खालच्या थरात सावली. मीटरनं न मोजताही कळत होतं की वरच्या उंदराचा दिवस आणि खालच्या उंदराचा दिवस वेगळा आहे. नियंत्रण गटाचे पिंजरे वर आणि औषधाचे खाली असतील तर फरक औषधाचा की थराचा? मला दाखवणारी मुलगी हुशार होती. म्हणाली, ‘सर, पिंजरे फिरवायला पाहिजेत हे माहितीये, पण लिहून कुठं ठेवत नाही कुणी.’

भिंतीवर टायमर होता. गोल तबकडीचा, टिकल्या वर-खाली करायचा. मी तिथल्या मामांना विचारलं, लाईट गेल्यावर काय होतं? मामा म्हणाले, ‘लाईट गेली की ह्यो बी बंद पडतोय साहेब. आली की तिथनंच फुडं चालू. मग घड्याळ बघून आमी हातानं फिरवतो. ध्यानात ऱ्हायलं तर.’

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. ज्या टायमरला बॅटरी नाही तो वीज गेल्यावर थांबतो. तीन तास वीज गेली की उंदरांची सकाळ तीन तास पुढं ढकलली गेली. आपल्याकडे पावसाळ्यात वादळ-वाऱ्यानं तारा तुटतात, दुरुस्तीला फीडर बंद असतो, हे मी सांगायला नको. म्हणजे आठवड्यात उंदरांचा प्रवास पुण्याहून लंडनला आणि परत असा होत असेल, आणि प्रबंधात मात्र छापलेलं ‘१२ तास उजेड, १२ तास अंधार’.

त्या खोलीच्या दाराला काचेची खिडकी होती. बाहेर कॉरिडॉरचा दिवा रात्रभर चालू, सुरक्षेसाठी. वॉचमन रात्री एकदा आत डोकावतो, दिवा लावून. तांबडा बल्ब ठेवलेला होता, ‘उंदराला तांबडं दिसत नाही’ म्हणून. हेही अर्धवटच खरं. तांबडं त्याला फार कमी दिसतं, अजिबात दिसत नाही असं नाही. आणि वरून रंग दिलेल्या बल्बमधून तांबड्याबरोबर बाकीचंही सुटतं.

आता या सगळ्यावर जगात काय चाललंय ते सांगतो. २०१८ मध्ये प्रकाश आयोगानं माणसासाठी नवं मोजमाप काढलं, डोळ्यातल्या प्रत्येक प्रकारच्या पेशीला किती उजेड पोचतो ते वेगवेगळं मोजायचं. २०२४ मध्ये मँचेस्टरचे रॉबर्ट लुकास आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून ‘प्लॉस बायॉलॉजी’त शिफारसी छापल्या, की प्रयोगशाळेतल्या सस्तन प्राण्यांसाठीही हेच करा, पण त्या-त्या प्राण्याच्या डोळ्याप्रमाणे. कल्पना सोपी आहे. तुमच्या दिव्याचा उंदराच्या अमुक पेशीवर जेवढा परिणाम होतो, तेवढाच परिणाम करायला साधा सूर्यप्रकाश किती लक्स लागला असता, तो आकडा लिहायचा. मग पुण्याचा प्रयोग आणि बॉस्टनचा प्रयोग, दिवे वेगळे असले तरी, एका मापात येतात. ही शिफारस मोफत वाचायला आहे.

आपल्याकडे मात्र अजून ३२५ लक्स आणि जमिनीपासून एक मीटर. एक मीटरवर उंदीर राहतो का? तो पिंजऱ्यात राहतो, तुसाखाली घुसून बसतो.

यावर मला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘अहो, खेड्यात माणसाला लाईट नाही आणि तुम्ही उंदराच्या दिव्याचं काय घेऊन बसलात.’ शेतीपंपाच्या रात्रीच्या लाईटवर मी किती लिहिलंय ते इथले जुने वाचक जाणतात. पण या उंदरांवरच्या निकालातूनच पुढं कुणीतरी माणसाला गोळी देतं. भीती कमी करणाऱ्या अर्काची चाचणी म्हणजे उंच टांगलेल्या, अधिक चिन्हासारख्या पट्ट्यांवर उंदीर सोडायचा आणि तो उघड्या पट्टीवर किती वेळ थांबतो ते बघायचं. खोलीत उजेड जास्त असेल तर तो तसाही बंद पट्टीत लपतो, कमी असेल तर बाहेर येतो. मग त्या दिवशी अर्कानं काम केलं की ट्यूबलाईटनं? पोरीनं दोन वर्षं घालवली, बापानं फी भरली, उंदीर मेले, आणि निकाल पुन्हा येत नाही. हे वाया गेलेलं आहे, आणि ते माणसाचंच वाया गेलंय.

दुसरं उत्तर, ‘उंदरांवरचे प्रयोगच बंद करा.’ त्या बाजूला माझं मन झुकतं. मार्च २०२३ मध्ये केंद्रानं औषधचाचणीचे नियम बदलून प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धतींना वाट दिली, ते स्वागतार्हच आहे. पण ते होईपर्यंत आज जे उंदीर पिंजऱ्यात आहेत त्यांचं काय? रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच सांगितलं होतं, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. उजेड धड नसेल तर आकडे पसरतात, आकडे पसरले की जास्त उंदीर लागतात. दिवा नीट केला तर संख्याही कमी होते आणि त्रासही.

गंमत बघा. बैलगाडा शर्यतीसाठी आपण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो, मे २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा गुलाल उधळला. शिराळ्याच्या नागांवर दर नागपंचमीला हजार पोस्टी पडतात. दोन्ही बाजूंनी लोक प्राण्यांच्या प्रेमाची भाषा बोलतात. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरासाठी एक पोस्ट नाही, कारण तो मिरवणुकीत नसतो.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला फार लागत नाही. लक्समीटर काही हजारांत येतो. उजेडाचा पूर्ण वर्णपट मोजणारं यंत्र महाग आहे, मान्य, पण प्रत्येक फार्मसी कॉलेजनं ते घ्यायची गरज काय? सांगलीत वालचंद आहे, कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. कुणाकडे तरी ते असेल किंवा घेता येईल. ते वर्षातून एकदा प्रत्येक अॅनिमल हाऊसमध्ये फिरवा. दिव्याचा वर्णपट एकदा कळला की लक्सच्या आकड्यावरून उंदराचा आकडा गणितानं काढता येतो, दर वेळी यंत्र लागत नाही. दिवा बदलला की पुन्हा मोजा आणि तारीख लिहा. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या, तो लाईट गेल्यावर वेळ विसरत नाही. रॅकच्या प्रत्येक थराला मोजा. प्रबंधात ‘१२-१२ तास’ एवढंच लिहून भागवू नका. दिव्याची जात, पिंजऱ्यातला आकडा, प्रयोगाची वेळ, सगळं छापा. आणि केंद्राच्या समितीनं ते ३२५ लक्सचं वाक्य एकदा नव्यानं लिहावं.

मोबाईलमधल्या अॅपनं मोजून मला फोटो पाठवू नका. तो सेन्सर स्क्रीन कमी-जास्त करायला दिलेला आहे.

प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीवर एक बाहेरचा, विज्ञानाशी संबंध नसलेला, सामाजिक भान असलेला सदस्य घ्यावा लागतो, तसा नियमच आहे. आपल्याकडे त्या खुर्चीत निवृत्त शिक्षक, वकील, सामाजिक कार्यकर्ते बसतात. यातले दोघं-तिघं माझ्या यादीत आहेत, हे वाचतील. बैठकीत इंग्रजी अर्ज पुढं सरकवले जातात, चहा होतो, सह्या होतात, आपल्याला यातलं काय कळतंय म्हणून तुम्ही गप्प बसता. यावेळी बसू नका. टायमर दाखवा म्हणा, आणि लाईट गेलेल्या तारखांची वही दाखवा म्हणा. मग एकदा संध्याकाळी, त्या खोलीतला दिवा बंद झाल्यावर, मामांना बरोबर घेऊन आत जा आणि काहीही न लावता दहा मिनिटं नुसते उभे राहा. पहिली दोन मिनिटं मिट्ट काळोख वाटेल. डोळे सरावले की दाराखालची फट, खिडकीची कडा, एसीचा हिरवा ठिपका, कॉरिडॉरची काच एकेक करून दिसायला लागेल. जिथून जिथून उजेड येतोय ते लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवा.